सामाजिक संरक्षण आणि उपजीविकेचे एकाहून अधिक आधार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या कुटुंबाचे सगळे उत्पन्न एकाच पिकावर, एकाच मालकाकडच्या मजुरीवर किंवा एकाच कमावत्या माणसावर अवलंबून असते, ते कुटुंब एका आजारपणाने किंवा एका कोरड्या हंगामाने कोलमडू शकते. अशा कुटुंबांना कमाईचे दुसरे, तिसरे साधन उभे करता यावे यासाठी पेन्शन, रोख साहाय्य, रोजगार हमी आणि विमा यांसारख्या योजनांचा उपयोग कसा होतो, कुठे होत नाही आणि त्यात कोणती काळजी घ्यावी लागते, याविषयी योजना राबवणारे, अभ्यासक आणि कार्यकर्ते नेहमी विचारतात ते प्रश्न येथे घेतले आहेत.

सामाजिक संरक्षणात कोणकोणत्या योजना येतात?

वृद्धापकाळ, आजारपण, अपंगत्व, बाळंतपण, बेरोजगारी, कमावत्या व्यक्तीचा मृत्यू किंवा निव्वळ दारिद्र्य यांमुळे कुटुंबाची आवक तुटते, तेव्हा समाजाने आणि शासनाने मिळून दिलेला आधार म्हणजे सामाजिक संरक्षण. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ सालच्या १०२ क्रमांकाच्या कराराने अशा आधाराच्या नऊ शाखा निश्चित केल्या, तर २०१२ सालच्या २०२ क्रमांकाच्या शिफारशीने प्रत्येक देशाने आपल्या सर्व रहिवाशांसाठी किमान संरक्षणाचा पाया घालावा असे सांगितले. व्यवहारात यात तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार विनावर्गणी साहाय्याचा : रोख रक्कम, धान्य, सामाजिक पेन्शन, शालेय भोजन. दुसरा वर्गणीवर चालणाऱ्या विम्याचा. तिसरा श्रमबाजाराशी जोडलेल्या योजनांचा, ज्यात रोजगार हमीची कामे आणि कौशल्य प्रशिक्षण येते. उपजीविकेच्या चर्चेत यांपैकी पहिला आणि तिसरा प्रकार जास्त येतो, कारण असंघटित क्षेत्रातल्या गरीब कुटुंबांपर्यंत वर्गणीवर चालणारा विमा फारसा पोचलेलाच नसतो.

गरीब कुटुंबे आधीपासूनच चार कामे करत नाहीत का? मग वैविध्य म्हणजे नवीन काय?

हा प्रश्न मूळ मुद्द्याला हात घालणारा आहे. सर्वांत गरीब घरांत बहुधा सर्वांत जास्त प्रकारची कामे चाललेली असतात. सकाळी दुसऱ्याच्या शेतात मजुरी, दुपारी सरपण गोळा करणे, हंगाम नसताना वीटभट्टी, घरात दोन कोंबड्या. परंतु यांतले प्रत्येक काम कमी मोबदल्याचे असते, एकावर आलेले संकट दुसऱ्यालाही लागते, आणि हे सारे पर्याय कुटुंबाने निवडलेले नसून गरजेने अंगावर पडलेले असतात. अभ्यासक याला नाइलाजाचे वैविध्य म्हणतात. पाऊस पडला नाही की शेतमजुरी थांबते, त्याच वेळी चारा संपतो आणि त्याच वेळी गावातल्या दुकानाची विक्रीही घटते. यादीत तीन व्यवसाय दिसत असले, तरी त्या सगळ्यांवरचे संकट एकच असते.

याउलट, हाताशी थोडे भांडवल आणि डोक्यावर थोडे छत्र असताना जाणीवपूर्वक निवडलेला जोडधंदा वेगळ्या हंगामात, वेगळ्या बाजारात आणि वेगळ्या प्रकारच्या जोखमीवर चालू शकतो. सामाजिक संरक्षणाचे काम कुटुंबाला पहिल्या प्रकारच्या वैविध्याकडून दुसऱ्या प्रकाराकडे जाता येईल अशी स्थिती निर्माण करणे हे आहे. म्हणूनच केवळ उत्पन्नाच्या साधनांची संख्या वाढली म्हणून योजना यशस्वी झाली, असे म्हणणे आम्हाला मान्य नाही. कधीकधी चार मोडक्या कामांऐवजी दोन भक्कम कामे उरणे हीच खरी प्रगती असते.

महिन्याकाठी मिळणाऱ्या थोड्याशा रकमेमुळे नवा व्यवसाय कसा उभा राहील?

या परिणामाचे मार्ग अनेक आहेत आणि ते बरेचसे डोळ्यांना दिसत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा मार्ग खात्रीचा आहे. ज्या घरात पुढच्या महिन्याच्या जेवणाची शाश्वती नाही, ते घर जास्त उत्पन्नाचे पण थोडे जोखमीचे काम अंगावर घेत नाही. फसले तर मुले उपाशी राहतील, हा हिशेब पूर्णपणे शहाणपणाचा असतो. अशा घराला दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम येणार याची खात्री पटली, की तेच कुटुंब नवे पीक, शिवणयंत्र किंवा छोटे दुकान यांचा विचार करू लागते. येथे रकमेच्या आकारापेक्षा तिची नियमितता अधिक काम करते. ज्या योजनेत पैसे कधी दोन महिन्यांनी, कधी पाच महिन्यांनी येतात, तिच्या लाभार्थींना ती रक्कम देणगीसारखी वाटते आणि तिच्या भरवशावर कोणीही बेत आखत नाही.

दुसरा मार्ग भांडवलाचा. मेक्सिकोत १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘ओपोर्तुनिदादेस’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सशर्त रोख साहाय्य योजनेचा (म्हणजे मुलांची शाळा, तपासणी अशा अटींवर रक्कम देणाऱ्या योजनेचा) अभ्यास झाला, तेव्हा मिळालेल्या प्रत्येक पेसोपैकी, म्हणजे शंभर सेंताव्होंपैकी, सुमारे ७४ सेंताव्हो कुटुंबांनी उपभोगावर खर्च केले आणि उरलेले गुंतवले, असे दिसले. ती योजना मुलांच्या शिक्षणासाठी आणि आरोग्यासाठी होती, व्यवसायासाठी नव्हती. तरीही घरांनी त्यातून जनावरे आणि छोट्या धंद्यांची साधने उभी केली.

तिसरा मार्ग मालमत्ता टिकवण्याचा आहे. संकटात कुटुंब सर्वांत आधी शेळी विकते, मग अवजारे, मग जमीन गहाण टाकते आणि शेवटी मुलाला शाळेतून काढते. वेळेवर मिळालेल्या साहाय्यामुळे ही उतरंड पहिल्याच पायरीवर थांबली, तर आधी कमावलेले साधन हातातून जात नाही. शिवाय नियमित आवक असलेल्या माणसाला गावात उधार मिळते, बचत गटात हप्ता भरता येतो आणि सावकाराच्या दारी जाण्याची वेळ कमी येते.

लोक पैसे व्यसनात उडवतील किंवा काम करणे सोडतील, त्याचे काय?

ही शंका सर्वत्र घेतली जाते, पण तिला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. सहा विकसनशील देशांतल्या सात रोख साहाय्य योजनांच्या यादृच्छिक चाचण्यांची (म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून, साहाय्य मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची तुलना करणाऱ्या चाचण्यांची) माहिती एकत्र तपासली असता, काम करण्याचे प्रमाण किंवा कामाचे तास घटल्याचा कोणताही सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही. दारू आणि तंबाखूवरच्या खर्चासंबंधीच्या १९ अभ्यासांच्या आढाव्यातही साहाय्यामुळे हा खर्च वाढतो असे दिसले नाही. काही माणसे दुसऱ्याच्या शेतातली मजुरी कमी करतात हे खरे आहे, पण तो वेळ बहुधा स्वतःच्या शेतात किंवा स्वतःच्या धंद्यात लागतो. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

केवळ रोख रक्कम पुरते, की तिच्याबरोबर आणखी काही द्यावे लागते?

रोख रक्कम उपजीविका सावरते, परंतु तिला नवे वळण द्यायचे असेल तर बहुतेक वेळा जोड लागते. याचे स्पष्ट उदाहरण निकाराग्वातले आहे. तेथे २००५ साली दुष्काळग्रस्त भागात सुरू झालेल्या एका प्रायोगिक कार्यक्रमात काही कुटुंबांना फक्त सशर्त रोख साहाय्य, काहींना त्याबरोबर व्यवसाय प्रशिक्षण आणि काहींना त्याबरोबर छोट्या उद्योगासाठी अनुदान देण्यात आले. कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा प्रशिक्षण किंवा अनुदान मिळालेल्या घरांनी शेतीबाहेरची कामे वाढवली होती, आणि दुष्काळाच्या फटक्यापासून ती घरे सुरक्षित राहिली होती. केवळ रोख साहाय्य मिळालेल्या घरांत असे संरक्षण दिसले नाही. अनुदान मिळालेल्या घरांचा सरासरी उपभोगही वाढलेला होता.

इथिओपियात २००५ साली सुरू झालेल्या ‘प्रॉडक्टिव्ह सेफ्टी नेट प्रोग्राम’चा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. काम करू शकणाऱ्या कुटुंबांना बांधबंदिस्ती, पाणलोट आणि रस्ते यांसारख्या सार्वजनिक कामांच्या बदल्यात रोख किंवा धान्य, आणि काम करू न शकणाऱ्यांना विनाअट साहाय्य, अशी त्याची रचना आहे. सुरुवातीच्या वर्षांच्या मूल्यमापनात ज्यांना या साहाय्याबरोबर शेतीविषयक सेवा आणि कर्जाचीही जोड मिळाली, त्यांनीच उत्पादक कारणासाठी कर्ज घेणे, सुधारित शेतीतंत्र वापरणे आणि शेतीबाहेरचा स्वतःचा व्यवसाय चालवणे यांत आघाडी घेतलेली दिसली.

रक्कम दरमहा द्यावी, की एकदम?

दोन्हींचे काम वेगळे आहे. केनियात झालेल्या एका चाचणीत दरमहा रक्कम मिळालेल्या घरांची अन्नसुरक्षा अधिक सुधारली, तर एकरकमी मिळालेल्या घरांनी टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केला. दर महिन्याला आलेली लहान रक्कम साठवून ठेवणे गरीब घराला कठीण जाते, कारण नातेवाईक, आजारपण आणि देणेकरी कायम दाराशी उभे असतात. म्हणून उपजीविकेचा हेतू असेल, तेव्हा नियमित मासिक आधार तसाच चालू ठेवून त्यात एखादी मोठी रक्कम योग्य वेळी, म्हणजे पेरणीपूर्वी किंवा धंद्याच्या मोसमाच्या तोंडावर देणे श्रेयस्कर ठरते. मासिक आधार काढून घेऊन एकरकमी अनुदान देण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास भांडवलच जेवणात संपते.

‘ग्रॅज्युएशन’ पद्धतीविषयी नेहमी ऐकू येते. ती काय आहे?

बांगलादेशातल्या ब्रॅक या १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या लक्षात आले की सूक्ष्मकर्जाचा लाभ सर्वांत गरीब घरांपर्यंत पोचत नाही. त्यातून तिने २००२ साली अतिदरिद्री कुटुंबांसाठी निराळा कार्यक्रम सुरू केला. त्याच्याच रचनेला ‘ग्रॅज्युएशन’ पद्धत, म्हणजे अतिदारिद्र्यातून पुढच्या पायरीवर नेणारी पद्धत, म्हणतात. त्यात साधारण दोन वर्षांच्या ठरावीक काळात कुटुंबाला, मुख्यतः त्या घरच्या स्त्रीला, एक उत्पादक साधन दिले जाते, उदाहरणार्थ गाय, शेळ्या किंवा छोट्या व्यापाराचे सामान. ते साधन उत्पन्न देऊ लागेपर्यंत पोटापाण्यासाठी भत्ता मिळतो, म्हणजे साधन विकून खाण्याची पाळी येत नाही. याच्या जोडीला प्रशिक्षण, बचतीची सवय, आरोग्याची मदत आणि घरी येऊन धीर देणारा, चुका दाखवणारा कार्यकर्ता असतो.

ही पद्धत अन्यत्र चालेल का, हे पाहण्यासाठी इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत मिळून दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर चाचण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. साधन मिळून तीन वर्षे झाल्यानंतरही एकंदर उपभोग, मालमत्ता आणि अन्नसुरक्षा यांत सुधारणा टिकून होती. मात्र सगळीकडे सारखे यश आले नाही. होंडुरासमध्ये अनेक कुटुंबांना दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या, आणि त्या देशात मालमत्तेतली वाढ टिकली नाही. पद्धत चांगली असली तरी हातात दिलेले साधन त्या मातीत जगणारे हवे, हे त्या कोंबड्यांनी दाखवून दिले.

पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात बंधन या संस्थेने चालवलेल्या याच प्रकारच्या कार्यक्रमातील कुटुंबांची दहा वर्षांनंतर पुन्हा पाहणी झाली. त्यातून दिसलेली गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. लाभ पहिली सात वर्षे वाढत गेला आणि दहाव्या वर्षापर्यंत टिकला. तो टिकण्याचे एक मुख्य कारण असे होते, की या घरांनी अधिक मोबदल्याच्या मजुरीच्या, विशेषतः स्थलांतरातून मिळणाऱ्या कामाच्या, संधी इतरांपेक्षा चांगल्या साधल्या. म्हणजे मिळालेल्या जनावराने कुटुंबाला कायमचे पशुपालक केले नाही, तर पुढची निवड करण्याइतकी उभारी दिली. योजना आखताना साधनाकडे असेच पाहावे, असे आम्हाला वाटते. पाच वर्षांनी ती शेळी घरात आहे की नाही, हे मोजत बसणे चुकीचे ठरेल.

मदत थोडी थोडी सगळ्यांना द्यावी, की थोड्यांना पुरेशी?

बांगलादेशातल्या त्याच कार्यक्रमाच्या माहितीवर झालेल्या आणखी एका अभ्यासात असे दिसले, की मालमत्तेचा एक उंबरठा असतो. मदतीनंतर जी कुटुंबे त्या उंबरठ्याच्या वर गेली ती पुढे आपल्या बळावर चढत राहिली, आणि जी थोडक्यात खाली राहिली ती हळूहळू पुन्हा जुन्या स्थितीकडे घसरली. याचा अर्थ असा, की उपजीविकेत बदल घडवायचा असेल तर अपुरी मदत बहुधा वाया जाते. पण जगण्याच्या किमान आधाराला हा न्याय लावता येणार नाही. पोटाचा आधार सर्व गरजूंना मिळायला हवा आणि उपजीविकेसाठीची मोठी मदत, निधी मर्यादित असल्यास, टप्प्याटप्प्याने द्यावी. एकाचा घास काढून दुसऱ्याचे भांडवल उभे करण्यास कोणताही नैतिक आधार नाही.

रोजगार हमीची कामे वैविध्याला मदत करतात की अडथळा आणतात?

दोन्ही शक्य आहे. दुष्काळात हाताला काम देण्याची कल्पना महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात जोमाने राबवली गेली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. पुढे भारताच्या २००५ च्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. अशा कामातून विहीर, शेततळे, बांध किंवा गोठा तयार होतो, तेव्हा मजुरी तर मिळतेच, शिवाय दुसरे पीक, भाजीपाला किंवा दूधधंदा शक्य होतो. मोकळ्या हंगामात काम काढले तर शेतीची मजुरी बुडत नाही. मात्र मजुरी महिनोन् महिने थकली, कामाची जागा लांब असली किंवा कुटुंबाचे स्वतःचे पेरणीचे दिवस कामावर गेले, तर हीच योजना जोडधंद्याचा वेळ खाते. मलावीतल्या सार्वजनिक कामांच्या योजनेच्या मूल्यमापनात तर तुटवड्याच्या मोसमातली अन्नसुरक्षाही सुधारलेली दिसली नाही. काम कोणत्या महिन्यात निघते, मजुरी किती दिवसांत हातात पडते आणि तयार झालेली मालमत्ता कोणाच्या उपयोगाची, या तीन गोष्टींवर सारे ठरते.

कोणता व्यवसाय निवडावा, हे कोणी ठरवायचे?

कुटुंबाने ठरवावे आणि कार्यकर्त्याने आरसा धरावा. सर्वांना सरसकट शेळ्या किंवा सरसकट शिवणयंत्रे वाटणे कार्यालयाला सोयीचे असते, खरेदी एकदम होते, हिशेब सोपा राहतो. परंतु एकाच गावात चाळीस शिवणयंत्रे आली तर शिवायला कपडे कोठून येणार? त्यामुळे निवडीआधी काही साधे प्रश्न कुटुंबासोबत बसून विचारावेत. माल घेणारा कोण आहे आणि तो किती अंतरावर आहे? वर्षातल्या कोणत्या महिन्यात घरात पैसा नसतो, आणि हे काम त्या महिन्यात पैसा आणेल का? सध्याच्या कामावर जे संकट येते तेच या कामावरही येईल का? घरातल्या कोणाचा, दिवसातला कोणता वेळ मोकळा आहे? औषध, चारा, वीज किंवा दुरुस्ती जवळपास मिळते का?

यांपैकी संकटासंबंधीचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा राहून जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला जनावरे देणे म्हणजे वैविध्य नव्हे, जर दोन्हींचे भवितव्य एकाच पावसावर टांगलेले असेल. चाऱ्याची साठवण, विमा किंवा शेतीशी संबंध नसलेले एखादे छोटे काम यांची जोड असल्याशिवाय अशा घराची जोखीम कमी झालेली नसते, फक्त विभागल्यासारखी दिसते.

काही कुटुंबांना हंगामी स्थलांतर हाच सर्वांत चांगला पर्याय वाटतो. योजनांनी त्याला आळा घालावा का?

आळा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्थलांतर हा उपजीविकेच्या वैविध्याचा फार जुना मार्ग आहे. उत्तर बांगलादेशातल्या रंगपूर भागात भाताच्या कापणीआधी ‘मोंगा’ नावाचा उपासमारीचा काळ येतो. तेथे २००८ साली काही कुटुंबांना, एका सदस्याने कामासाठी बाहेर जावे या अटीवर, प्रवासखर्चाइतकी छोटी रक्कम देण्यात आली. तेवढ्यानेच बरेच जण बाहेर पडले, गावी राहिलेल्या घरच्यांचे खाणे सुधारले, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही त्यांतले अनेक पुन्हा गेले. जाण्याने फायदा होतो हे त्यांना कदाचित माहीत होते, पण पहिली खेप फसली तर काय, या भीतीने ते थांबले होते. पुढे हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा मात्र तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवे.

स्थलांतर सुरक्षित व्हावे यासाठी योजनांना एक गोष्ट हमखास करता येते : लाभ घरच्या पत्त्याला बांधून न ठेवणे. धान्य, आरोग्याचा लाभ किंवा मुलाची शाळा कामाच्या गावीही मिळाली, तर कुटुंबाला एक आधार सोडून दुसरा पकडावा लागत नाही.

अशा कार्यक्रमांमुळे स्त्रियांवरचा बोजा वाढतो का?

वाढू शकतो, आणि या प्रश्नाकडे आजवर पुरेशा गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. जवळजवळ सर्व कार्यक्रम स्त्रीला केंद्रस्थानी ठेवतात. साधन तिच्या नावावर, प्रशिक्षणाला ती हजर, बचत गटाची बैठक तिची, मुलांच्या तपासणीची अट पूर्ण करणारीही तीच. स्वयंपाक, पाणी, लेकरे आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा यांतले काहीही कमी झालेले नसते. अशा वेळी जोडधंदा म्हणजे तिच्या झोपेतून कापलेले दोन तास असतात, किंवा मोठ्या मुलीची बुडालेली शाळा असते. कामाच्या ठिकाणी पाळणाघर, गरोदर आणि स्तनदा मातांना कामातून सूट व साहाय्य चालू, बैठकीची वेळ तिच्या सोयीने, आणि घरातल्या पुरुषांशी कामाच्या वाटणीविषयी मोकळे बोलणे, या गोष्टी अंदाजपत्रकात धरल्या नाहीत तर बाकीच्या तरतुदींचा खर्च तिच्या शरीरावर पडतो.

दुसऱ्या बाजूला, जेथे हे नीट होते तेथे बदल खोलवर जातो. नायजर देशात राष्ट्रीय रोख साहाय्य योजनेतल्याच स्त्रियांना बचत गट, मार्गदर्शन आणि प्रशिक्षण यांबरोबर काहींना एकरकमी अनुदान, काहींना जीवनकौशल्यांचे प्रशिक्षण व गावकऱ्यांसमवेत आकांक्षांविषयीची चर्चा, तर काहींना हे सर्व देण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शेतीबाहेरच्या धंद्यांतून आणि पशुपालनातून स्त्रियांचे उत्पन्न वाढल्याचे दिसले, आणि अनुदानाऐवजी केवळ जीवनकौशल्ये व चर्चा हा मानसिक-सामाजिक आधाराचा भाग मिळालेल्या गटातही सुधारणा झाली. गावाने एखाद्या बाईच्या धंद्याकडे आदराने पाहणे हेही एक भांडवल आहे, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

उत्पन्न वाढले की लाभ बंद करावा का?

घाईने बंद करू नये. जोडधंद्यातून पहिल्या वर्षी चार पैसे दिसले आणि त्याच कारणाने यादीतून नाव गेले, तर कुटुंबाला मेहनतीची शिक्षा झाल्यासारखे होते. शेजारची घरे ते पाहतात आणि आपली कमाई लपवू लागतात, धंदा दुसऱ्याच्या नावे चालवतात किंवा मुद्दाम लहान ठेवतात. नव्या धंद्याचे उत्पन्न सुरुवातीला वर-खाली होतच असते. म्हणून लाभ ठरावीक काळापर्यंत उत्पन्नाकडे न पाहता चालू ठेवणे, नंतर तो हळूहळू उतरवणे, आणि धंदा बुडाल्यास नव्याने कागदपत्रांचे दिव्य न करता लगेच परत येण्याची सोय ठेवणे, हा मार्ग अधिक न्याय्य आहे. बालसंगोपन भत्ता आणि वृद्धापकाळ पेन्शन यांसारखे हक्काचे लाभ तर या हिशेबात आणूच नयेत.

मोठा दुष्काळ किंवा पूर आला तर उभे केलेले सर्व वाहून जाणार नाही का?

ती भीती रास्त आहे, कारण गावावर एकदम येणाऱ्या संकटात शेजारी शेजाऱ्याला मदत करू शकत नाही. त्यामुळे संकटाबरोबर आपोआप विस्तारणाऱ्या योजना महत्त्वाच्या ठरतात. उत्तर केनियातल्या तुर्काना, मार्साबित, मंडेरा आणि वाजीर या कोरड्या जिल्ह्यांत नियमित रोख साहाय्य चालते, आणि उपग्रहावरून दिसणारी हिरवळ ठरावीक मर्यादेखाली गेली की एरवी यादीत नसलेल्या घरांनाही तात्पुरती रक्कम दिली जाते. मार्साबित येथे २०१० साली अशाच निर्देशांकावर आधारलेला पशुधन विमा सुरू झाला, आणि २०११ च्या दुष्काळानंतर भरपाई मिळालेल्या कुटुंबांत जनावरे विकण्याचे किंवा जेवण कमी करण्याचे प्रमाण घटलेले आढळले. अशी मदत जनावर विकण्याआधी पोचली तरच तिचा उपयोग होतो. विकून झाल्यावर आलेल्या रकमेतून तेच जनावर परत घेता येत नाही, कारण तोवर भाव दुप्पट झालेला असू शकतो.

ज्यांना नवा व्यवसाय करणे शक्यच नाही, त्यांचे काय?

एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती, तीव्र अपंगत्व असलेली व्यक्ती, दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस किंवा अशांची दिवसरात्र देखभाल करणारी सून, यांच्याकडून उद्योजक होण्याची अपेक्षा धरणे निर्दयपणाचे आहे. त्यांचे साहाय्य कोणत्याही उत्पादक अटीशिवाय आणि मुदतीशिवाय चालू राहिले पाहिजे. आजीची पेन्शन घरात येते तेव्हा नातवाची फी भरली जाते, सुनेला प्रशिक्षणाला जाता येते, मुलाला शहरात काम शोधायला जाता येते. त्यामुळे ‘अनुत्पादक’ म्हणून या लाभांना कात्री लावणारे, ज्या कुटुंबाला पुढे न्यायचे त्याच्याच पायाखालची फळी काढतात.

एखाद्या विभागाने किंवा संस्थेने सुरुवात कोठून करावी?

आधीपासून चालू असलेल्या साहाय्याचे पैसे वेळेवर देण्यापासून. नव्या कार्यक्रमाचे उद्घाटन त्यानंतर करावे. देयके नियमित झाली, की लाभार्थींच्या त्याच यादीवरून कृषी, पशुसंवर्धन, कौशल्य आणि बँक यांच्याशी जोडणी करता येते. प्रत्येक विभागाने आपापले वेगळे सर्वेक्षण करून त्याच बाईला चार वेळा तीच माहिती विचारण्याची गरज उरत नाही. एका कार्यकर्त्याकडे किती घरे सोपवायची, हे मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्यावे, कारण घरभेटी हा या कार्यक्रमांतला मोठा खर्च असतो आणि निधी आटला की पहिली कात्री तेथेच लागते.

मोजमाप करताना सरासरी वार्षिक उत्पन्नाबरोबर वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात घरात काय आले आणि काय शिजले, हे विचारावे. संकट आल्यावर कुटुंबाने काय विकले, कोणाकडून आणि किती व्याजाने उसने घेतले, कोणाची शाळा सुटली, याची नोंद ठेवावी. ही नोंद कार्यक्रम संपल्यावरही किमान दोन-तीन वर्षे चालू ठेवावी, आणि तिच्यात अपयशी ठरलेल्या घरांची नावे गाळू नयेत. त्या घरांत जाऊन काय बिघडले हे समजून घेतले, तर पुढच्या तुकडीसाठी साधन, रक्कम आणि वेळ यांची निवड नव्याने करता येते.